अकरा नंबरच्या दादरचं चित्र

तीन दिवस मी वेलांट्यांच्या मागे होते. पडद्यावर शब्द नीट दिसत, पण चित्र छापायला पाठवलं की 'चिकटपणा'ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसे आणि 'शिळी'च्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटत. फॉन्ट बदलले, नवं पॅकेज उतरवून घेतलं, कुठल्या कुठल्या देशातल्या माणसांनी एकमेकांना दिलेली उत्तरं वाचली. चौथ्या दिवशी आठही शब्द जागेवर बसले तेव्हा मी टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या खोलीतून सरांनी काय पडलं म्हणून विचारलं. हे आधी सांगते, कारण मी कामात ढिसाळ नव्हते हे मला अजूनही कुणाला तरी पटवून द्यायचं असतं. मी फार मन लावून काम केलं. फक्त ते भलत्याच ठिकाणी लावलं.

धुळ्याबाहेर एका लहानशा संस्थेचं बियाण्यांचं प्रक्षेत्र आहे, म्हणजे वाण तपासायचं शेत. तिथले आकडे मी सांभाळते. घर जळगावात. सोमवारी सकाळच्या बसने धुळ्याला यायचं, आठवडाभर देवपुरातल्या खोलीत राहायचं आणि शनिवारी परत जायचं. काय करता असं कुणी विचारलं आणि मी संख्याशास्त्र म्हटलं, की लोक आदराने मान हलवून विषय बदलतात. काम तसं साधं आहे. शेतात जे मोजलं जातं ते माझ्याकडे येतं. आर नावाच्या संगणकाच्या भाषेत मी ते सरळ करते आणि त्याचं चित्र काढून वर देते. वर म्हणजे आमचे सर, आणि वर्षातून एकदा बाहेरून येणारे दोन पाहुणे. कुठला वाण पुढच्या चाचणीला न्यायचा आणि कुठला सोडायचा हे ते तिघे ठरवतात.

त्या वर्षी दादरचे सहा वाण उरले होते. दादर म्हणजे आमच्या खान्देशातली रब्बीची ज्वारी, काळ्या जमिनीतल्या ओलीवर येणारी. सहापैकी तीन पुढे जायचे होते. कागदावर त्यांना नावं नव्हती, नुसते नंबर होते, आणि त्यातला अकरा नंबर नानांचा होता.

नाना प्रक्षेत्रावरचे मुकादम. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावचे, साठी ओलांडलेले, बोलायला कमी. आपल्या गावच्या शेतातून ते दर वर्षी दादरची चांगली कणसं निवडून बाजूला ठेवायचे. अशी किती वर्षं ठेवली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. सरांनी एकदा ती कणसं पाहिली, मूठभर बी मागून घेतलं आणि त्याला अकरा नंबर मिळाला. नाना मात्र नंबर कधी म्हणत नसत. "मनी दादर कशी शे?" असंच, माझी दादर म्हणून विचारत. हंगामभर कुठल्याही वाफ्याला खत द्यायचं असो, फवारायचं असो, पाखरं हाकायची असोत, त्यांनी अकरा नंबरला इतरांपेक्षा वाटीभरही जास्त काही दिलं नाही. मी ते मुद्दाम बघितलं होतं. आकडे सांभाळणारं माणूस संशयी असतंच.

उत्पन्नात अकरा नंबर मागे पडला. दाणा कमी भरला. सरांनी नानांना बोलावून, आडपडदा न ठेवता सांगितलं, "नाना, दाण्यात तुमचा वाण मागे आहे. भाकरीत चांगला निघाला तर ठेवू, नाहीतर सोडावा लागेल." नाना बरं म्हणाले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ते काम सोडून कायमचे गावी जाणार होते. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला संपतं आणि मुकादम झाल्यावरही नानांनी तोच हिशेब धरला होता. जाण्याआधी आपली दादर पुढच्या चाचणीला निवडलेली बघायची, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्यांनी ते मला दोनदा बोलूनही दाखवलं, आणि नाना एखादी गोष्ट दोनदा बोलतात म्हणजे ती फार मोठी असते.

मग भाकऱ्यांची परीक्षा झाली. प्रक्षेत्राला लागून असलेल्या गावातल्या बारा बायका बोलावल्या. सहा वाणांची पिठं सहा डब्यांत, डब्यांवर नुसती अक्षरं. त्यांनी थापायचं, भाजायचं, खायचं आणि पाचपैकी गुण सांगायचे. मी वही घेऊन चुलींमधून फिरत होते. धुराने डोळे चुरचुरत होते आणि प्रत्येकीला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी म्हणायचं होतं. आम्ही सात गोष्टी ठरवल्या होत्या. रंग, चव, फुगणं, वास, थापताना कड फाटते का, गोडी आणि पिठाचा चिकटपणा. बायकांमधली सगळ्यात म्हातारी होती ती म्हणाली, "आन शिळी? शिळी कशी लागस ते नही इचारत?" शेतात जाणाऱ्या माणसाच्या फडक्यात सकाळी कालचीच भाकरी असते, ती चामड्यासारखी झाली तर काय उपयोग, असं तिचं म्हणणं. सगळ्याजणी तिच्या बाजूने झाल्या. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्यांना पुन्हा बोलावलं आणि आठवा रकाना वाढला. अकरा नंबरची शिळी भाकरी मीही खाल्ली. मऊ होती. बाकीच्या पाच तोंडात फिरत राहायच्या.

आता चित्र. आठ गुण आणि सहा वाण एकदम दाखवायचे तर गोल आलेख काढतात. मधल्या बिंदूतून आठ रेषा बाहेर काढायच्या, प्रत्येक रेषेवर त्या गुणाचा आकडा मांडायचा आणि ठिपके जोडून आकार बनवायचा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं. मी पहिलं चित्र काढलं ते सरळ, शून्यापासून पाचपर्यंत. सहाही आकार जवळपास सारखे आले, एकावर एक ठेवलेल्या भाकऱ्यांसारखे. खरं सांगायचं तर सहाही वाणांच्या भाकऱ्या चांगल्या होत्या. फक्त शिळीच्या रेषेवर एक कोपरा बाहेर आला होता, तो अकराचा.

सरांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "यात फरक कुठे दिसतो? पाहुण्यांना दहा मिनिटं असतात. त्यांना बघितल्याबरोबर कळलं पाहिजे." त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. फरक दिसत नव्हताच, कारण तो फारसा नव्हता. हे वाक्य मी तेव्हा बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी जरा थांबा म्हटलं आणि चित्र सजवायला बसले.

सजवणं मला आवडतं, हे कबूल करायला हवं. माझ्या वापरातलं पॅकेज रेषा वरून सुरू करून डावीकडे फिरवतं. सर म्हणाले, ही उलटी प्रदक्षिणा कशाला? मी ती सुलटी केली. सहा आकार एकावर एक होते, ते सहा वेगळ्या वर्तुळांत मांडले. आत रंग भरला, तो इतका फिका ठेवला की खालची जाळी दिसावी. नंबर ठळक केले. वेलांट्यांची ती तीन दिवसांची कथा याच वेळची. आणि याच सगळ्याच्या मध्ये मी दोन ओळी बदलल्या. प्रत्येक रेषेला कमाल आणि किमान किती धरायचं ते त्या दोन ओळींत लिहायचं असतं. मी शून्य आणि पाच काढून टाकलं आणि लिहिलं, त्या त्या गुणात सहांमध्ये जो सगळ्यात जास्त तो कडेला आणि जो सगळ्यात कमी तो मध्यावर.

हे कळायला सोपं आहे आणि त्यातली गोमही कळायला सोपी आहे. एका वर्गातली सगळी मुलं पासष्ट ते सत्तर गुणांच्या मधली असली तरी पासष्टवाला चित्रात शून्यावर दिसतो. अकरा नंबर रंगात, फुगण्यात आणि कडेत सगळ्यात मागे होता, पण केसभर. चित्रात तो तिन्ही ठिकाणी थेट मध्यात बुडाला. त्यातून ह्या तीन रेषा एकाआड एक होत्या, कारण वहीत रकाने त्या क्रमाने होते आणि मी तो क्रम बदलला नाही. एक रेष शून्यावर आली की तिच्या दोन्ही बाजूंचा आकार मिटून जातो. बाकीचे पाच वाण थोडे वाकडेतिकडे पण भरलेले दिसत होते. अकरा नंबरचे नुसते काटे उरले.

मला ते दिसलं. दिसलं नाही असं म्हणण्याची सोय नाही. म्हणून मी खाली एक ओळ घातली की प्रत्येक रेषेची मोजपट्टी वेगळी आहे, आकारांची तुलना जपून करावी. ती ओळ छापताना कागदाच्या खालच्या कडेला अर्धी कापली जात होती. समास वाढवला की वर्तुळं लहान होत आणि माझे मोठ्या कष्टाने बसवलेले शब्द पुन्हा एकमेकांवर चढत. मी ती ओळ काढून टाकली. म्हटलं, तोंडी सांगेन.

बैठकीत तोंडी सांगायची वेळ आली नाही. पाहुण्यांनी आधी उत्पन्नाचा तक्ता पाहिला, मग माझं चित्र पाहिलं. एकाने अकरावर बोट ठेवून विचारलं, "हा एवढा खराब?" सर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "शिळ्या भाकरीला चांगला आहे." पाहुणे हसले. दुष्टपणे नाही, चांगल्या मनाने हसले. "शिळी कोण खातं हो आता?" ते म्हणाले आणि पान उलटलं. दुसऱ्या पाहुण्यांनी चित्र छान झालंय, मराठीत आहे हे विशेष, असं माझं कौतुक केलं. मी थँक्यू म्हटलं. त्या थँक्यूची मला जेवढी लाज वाटते तेवढी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटत नाही.

ते चित्र मोठं छापून गोदामाच्या भिंतीवर लावलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं म्हणून. दुसऱ्या दिवशी मी तिकडे गेले तेव्हा नाना त्याच्यासमोर हात पाठीमागे बांधून उभे होते. वाण सुटल्याचं सरांनी त्यांना सकाळीच सांगितलं होतं.

"ताई, ह्या गोल कसाना शेतस?"

मी सांगितलं. एकेक गोल एकेका दादरचा. ही रेष रंगाची, ही चवीची. रेषेवर बाहेर गेलं म्हणजे चांगलं, आत आलं म्हणजे कमी.

"मंग मोठी ती चांगली?"

"हो, साधारण तसंच."

"मनी कोन्ती?"

मी बोट दाखवलं. नाना पुढे झुकले. बराच वेळ ते त्या काट्यांकडे बघत होते. मग म्हणाले, "हाऊ ते सराटा दिसस." सराटा म्हणजे शेतात पायात मोडतो तो काटा. बी गोळा करणारा माणूस त्याहून वाईट काही म्हणू शकत नाही.

तिथे माझ्याकडे वेळ होता. गोदामात दुसरं कुणी नव्हतं. नाना, हे काटे मी काढलेत, भाकरीत ते नाहीत, असं मला सांगता आलं असतं. शेजारी शेजारी दोन भाकऱ्या ठेवून मोजपट्टीचा खेळ त्यांना पाच मिनिटांत समजला असता, ते माझ्याहून हुशार होते. पण त्यांच्याआधी ते मला सरांना सांगावं लागलं असतं, सरांनी पाहुण्यांना, आणि माझ्या सुबक चित्राची सगळीकडे फजिती झाली असती. मी म्हणाले, "चित्रात तसं दिसतंय खरं, नाना." त्यांनी मान हलवली. आखाजीला ते पेटी घेऊन गावी गेले. निघताना सगळ्यांना भेटले, मलाही भेटले, आणि दादरबद्दल काही बोलले नाहीत.

सुटलेल्या वाणांचं बी आमच्याकडे ठेवत नाहीत. तेवढी जागा नाही. गोदाम झाडलं तेव्हा अकरा नंबर इतर धान्यात मिसळून गेला.

पावसाळ्यात मी वर्षाचा अहवाल लिहायला घेतला. तो बाहेरच्या एका जाणत्या बाईंकडे तपासायला गेला आणि त्यांनी समासात एवढंच लिहून परत पाठवला की सगळ्या रेषांना एकच मोजपट्टी लावा, असं चित्र दिशाभूल करतं. दिशाभूल हा शब्द वाचून मला राग आला. अर्धा दिवस मी त्या बाईंवर मनातल्या मनात तोंडसुख घेतलं. मग दोन ओळी पुन्हा शून्य आणि पाच केल्या. सहा गोल, भरलेले, सारखे. अकराचा एक कोपरा शिळीच्या बाजूला बाहेर. दोनच ओळींचं काम होतं, आकडे होते तेच होते. मी संगणकासमोर बसून रडले, आणि मला रडू आलं तेही आधी स्वतःच्याच कीवेने आलं, हे सांगून टाकते.

सरांकडे दोन्ही चित्रं घेऊन गेले. त्यांनी ती शेजारी ठेवून पाहिली आणि चष्मा काढला. "हे तू तेव्हा का नाही बोललीस?" असं ते म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाले, "बी आणा. रब्बीला मी एक वाफा देतो. पुढचं पुढे." बी नानांच्या घरी असणारच, याची मला खात्री होती. त्यांच्या घरी कोठीत राख आणि कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं बी असतं हे ते नेहमी सांगत. गणपती उठल्यावर, पेरणीच्या आधी, मी दोन्ही चित्रं पिशवीत घालून शिंदखेड्याच्या बसमध्ये बसले. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होते. माफी आधी मागायची की बी आधी मागायचं, एवढंच ठरत नव्हतं. मला बरं वाटत होतं, हेही खरं. चूक दुरुस्त करायला निघालेल्या माणसाला फार बरं वाटतं.

तालुक्यापासून गावापर्यंत रिक्षा मिळाली. नाना ओट्यावर बसून दोर वळत होते. चार-पाच महिन्यांत बारीक झाले होते. त्यांना आनंद झाला, त्यांनी आत हाक मारून चहा टाकायला सांगितलं. नानांच्या पत्नी, त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, दारात आल्या, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत गेल्या.

मी चित्रं काढली. आधी जुनं ठेवलं, मग नवं. "नाना, तुमची दादर वाईट नव्हती. माझं चित्र चुकलं. मी ते मुद्दाम ठळक केलं, फरक दिसावा म्हणून. खरं चित्र हे आहे. शिळ्या भाकरीत तुमची सगळ्यांच्या पुढे आहे. मला तेव्हाच सांगायला हवं होतं, मी नाही सांगितलं. माझं चुकलं."

नानांनी दोन्ही कागद मांडीवर घेतले. सराटा त्यांनी लगेच ओळखला. नव्या चित्रावर सहाही गोलांवरून एकेक करून बोट फिरवलं.

"हाई बी तुम्हीनच काढेल शे?"

"हो."

"आकडा नवा शेतस का?"

"नाही. तेच आकडे. बायकांनी दिलेले."

"आकडा त्याच, आन चित्रं दोन?" त्यांनी हे चिडून विचारलं नाही. खरोखर विचारलं. मला उत्तर येत होतं, मी ते एम.एस्सी.ला शिकलेले आहे, पण त्या ओट्यावर त्यातला एक शब्दही बोलण्यासारखा वाटला नाही. मी म्हणाले, "हो नाना. तेच आकडे." आणि घाईघाईने पुढे म्हणाले, "सरांनी वाफा द्यायचं कबूल केलंय. तुमच्या कोठीतलं बी द्या. शेरभर पुरे. यंदाच पेरू."

नानांनी पुन्हा दोर हातात घेतला. आतून अक्का बोलल्या, आणि त्या बोलणार म्हणूनच मघापासून दारामागे उभ्या होत्या हे माझ्या लक्षात आलं.

"बी कोठे शे आते? थोडं थोडं करीसन बठ्ठं दळी टाकं त्यासनी. आखाजीले घर उनात आन कोठीच उपसी काढी. मी सांगं, बी दळानं नही, चुकीसन बी दळानं नही. आयकतस का? ती शिकेल पोर शे, म्हने, ती खोटं कसाले दखाडी?"

आखाजीला घरी आल्यावर नानांनी कोठीतलं सगळं बी दळायला काढलं होतं. मी विचारलं, दुसऱ्या कुणाकडे असेल? कुणाला दिलं असेल?

"पिंपळनेरकडे मनी नणंदना घर व्हतं," अक्का म्हणाल्या. "तेसले बी फोन करीसन सांगं, पेरू नका, ती दादर खराब शे. त्यासनी बी खाई टाकी."

नाना खाली बघत दोराची गाठ सोडवत होते. सुटत नव्हती, तरी सोडवत होते. "खराब बी पोरेसना वावरमा ठेवानं नही," ते म्हणाले. "मना नंतर त्या पेरतीन. त्यासनं नुकसान कसाले?" आपल्या मुलांच्या शेतात वाईट बी जाऊ नये, म्हणून त्यांनी ते संपवलं होतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. एवढं जपून ठेवलेलं काही त्यांनी स्वतःच्या हाताने, कुणाला दोष न देता, गिरणीवर नेऊन दिलं होतं.

मी उठायला लागले तर अक्कांनी जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणून सांगितलं. राग होता, पण पाहुणा उपाशी पाठवायची रीत त्यांना माहीत नव्हती. ताट आलं. वरण, मिरचीचा ठेचा आणि भाकरी. अक्का ताट ठेवताना म्हणाल्या, "शेवटलं पीठ शे तेनं. मांगला आठवडामा दळेल. खा."

 भाकरी माझ्या हातात होती, वर्षानुवर्षं कणीस कणीस निवडलेल्या बियाची, आणि त्यातला एक दाणाही आता पेरता येणार नव्हता. पण न खाणं हे त्याहून वाईट झालं असतं. मी तुकडा मोडला आणि खाल्ला. गोड होती. बारा बायकांनी गोडीला जे गुण दिले होते ते मला पाठ होते आणि ते बरोबर होते. खूप दिवसांत मी इतकी चांगली भाकरी खाल्ली नव्हती.

"नाना," मी म्हणाले, "गोड आहे हो. खरंच गोड आहे."

नानांनी आपल्या ताटातला तुकडा मोडला, ठेचा न लावता तोंडात घातला आणि सावकाश चावत राहिले. नीट लक्ष देऊन चावत होते. मग त्यांनी मान हलवली.

"व्हई. पहिले माले बी लागे," ते म्हणाले. "तुमनं ते चित्र दखं ना ताई, तवयपासून माले ती फिक्की लागस."